डाव्या पायाचं पेडल

गेनू मिस्तरी माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय बघायचे, मग चपला, आणि तुमचं नशीब चांगलं असलं तर नजर वर यायची. मी लोणावळ्याच्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून नुकता लागलो होतो तेव्हाची गोष्ट. सिरिंजा उकळायचा स्टोव्ह बिघडला म्हणून तो बगलेत मारून मी वलवणच्या रस्त्याला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. मिस्तरी एका लॉरीखाली आडवे होते. बाहेर नुसते दोन अनवाणी पाय दिसत होते. त्या पायांनाच मी म्हणालो, "मिस्तरी, स्टोव्ह आणलाय."

लॉरीखालून आवाज आला, "भाऊ, उजव्या टाचंवर लय भार देता तुमी. दिसभर हुबं ऱ्हायचं काम हाय का?"

आता बोला! मी शिकलासवरलेला माणूस, औषधांची शंभर नावं तोंडपाठ असलेला, आणि हा बाबा लॉरीखालून माझ्या टाचांची चौकशी करतोय. "मी स्टोव्ह दाखवायला आलोय, पाय नाही," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"स्टोव्ह ठिवा तितं. त्येचा वायसर गेला आसंल. टाचंचं बगा आदी."

स्टोव्हचा वायसरच गेला होता. टाच पुढच्याच वर्षी दुखायला लागली, पण ते मी मिस्तरींना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. माणसानं सगळंच कबूल करायचं नसतं.

मिस्तरी मूळचे पवन मावळातले, तिकोणा पेठेच्या अलीकडच्या एका वाडीतले. घरची भातखाचरं धाकटा भाऊ बघायचा. हे पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात, बसऱ्याला गेले, तिथं लष्कराच्या लॉऱ्या उघडायला शिकले, आणि परत आल्यावर पुणे-मुंबई रस्त्याला हे पत्र्याचं शेड टाकून बसले. काळा वर्ण, आखूड मान, कानात भिकबाळीऐवजी विडी. बोलणं थोडं आणि तेही गाडीकडे तोंड करून. शेडमध्ये पाऊल टाकताना चपला बाहेर काढायला लागायच्या. गिऱ्हाईक मुंबईचा शेठ असो नाहीतर हमाल, सगळे अनवाणी. बूट घातलेल्या पायाला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः गाडी चालवायचे तेही अनवाणीच, थंडीत धुकं अंगावर येत असलं तरी.

शेडच्या भिंतीला त्यांनी एक जुनं पेडल ठोकलं होतं. त्यामागे लॉरीची एक स्प्रिंग आणि बाजूला लाकडाची पट्टी. समोर खुर्ची. येईल त्याला खुर्चीत बसवून ते पेडल दाबायला लावायचे आणि जिथवर जाईल तिथं पट्टीवर खडूची रेघ मारून शेजारी त्या माणसाचं नाव लिहायचे. सगळ्यात वर रेल्वेच्या इंजिनावरचा एक फायरमन, त्याखाली दूधवाला, पोस्टमन, मुंबईचे दोनतीन शेठ, आणि तळाला 'कंपौंडर'. मला भयंकर राग यायचा. दोनदा मी पुन्हा दाबून बघितलं. दोन्ही वेळा रेघ तिथंच!

गाडी दुरुस्त करताना ते गाडीला विचारायचे नाहीत, पायाला विचारायचे. खंडाळ्याला बंगला असलेल्या एका शेठची गंमत सांगतो. त्याच्या मोटारीचा क्लच दर दोन महिन्यांनी जळायचा. पुण्यामुंबईच्या कारागिरांनी हात टेकले होते. मिस्तरींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "चला, येक चक्कर मारू," म्हणाले, आणि शेठच्या शेजारी बसायचं सोडून मोटारीत खाली आडवे झाले. खंडाळ्यापर्यंत जाऊन येईतो तो गृहस्थ शेठच्या पायांकडे बघत पडला होता! परत आल्यावर त्यांनी सायकलची एक घंटी घेतली आणि क्लचच्या पेडलखाली अशी बसवली, की पाय नुसता टेकला तरी वाजावी. शेठला सवय होती क्लचवर पाय ठेवून बसायची. तो बाजारातून निघाला तो घंटी वाजवतच. कुल्फीवाला आला म्हणून पोरं मागं धावली. शेठ भडकून परत आला, पण मिस्तरी ढिम्म. "क्लच चांगला हाय, शेठ. पाय उचला, घंटी गप व्हईल." आठ दिवसांत घंटी गप्प झाली आणि तो क्लच पुढं चार वर्षं टिकला.

तर असा हा माणूस. तो दवाखान्याच्या भानगडीत आला तो आमच्या डॉक्टरीणबाईंमुळे.

डॉक्टर कुमुदबाई दुसऱ्या लढाईच्या शेवटी शेवटी आमच्याकडे आल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय वाळला होता. मांडीत जोर होता, पण गुडघ्याखाली पाय नुसता लोंबल्यासारखा. काठी घेऊन चालायच्या, भरभर चालायच्या आणि कुणी हात द्यायला गेलं की डोळे वटारायच्या. आमचा दवाखाना एका पुण्याच्या संस्थेचा. पवन मावळात आठवड्यातून एकदा फेरी करायची, असं संस्थेनंच ठरवलेलं, पण जायचं बैलगाडीनं. खिंड चढून पलीकडे उतरेपर्यंत निम्मा दिवस जायचा. एका फेरीला तिकोणा पेठेजवळच्या वस्तीत एक बाई अडली होती. निरोप सकाळी आला, आम्ही पोचलो ते ऊन कलल्यावर. त्या घराबाहेर बाया शांत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी न उघडलेली औषधाची पेटी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक बाईंनी संस्थेच्या मागं लागून मिळवली. गाडी आली. आता ती चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवायला संस्था तयार नव्हती. बाई म्हणाल्या, मी चालवीन. संस्थेचे चिटणीस अण्णासाहेब पुण्याहून आले. सज्जन माणूस, पण करड्या मिशीचा आणि घड्याळाचा. त्यांनी बाईंना गाडीत बसवलं आणि क्लच दाबायला सांगितला. फौजी गाडीचा तो क्लच, सोजिरांच्या बुटांसाठी केलेला. बाईंनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून पेडलवर ठेवला आणि दाबलं. पेडल हललंसुद्धा नाही.

अण्णासाहेब हळूच म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. दसऱ्याला मी परत येईन. त्या दिवशी तुम्ही ही गाडी खिंडीपलीकडे नेऊन आणलीत तर ठीक. नाहीतर गाडी विकू, पवन मावळची फेरी बंद करू, आणि तुम्ही तळेगावच्या दवाखान्यात बसून काम करा."

बाईंनी मान हलवली. अण्णासाहेबांची गाडी सुटेपर्यंत त्या फलाटावर हसतमुखानं उभ्या होत्या. मग दवाखान्यात येऊन त्यांनी औषधाच्या कपाटाचं दार असं आपटलं की माझ्या तीन बाटल्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मिस्तरींचं नाव सांगितलं. हे माझं एक पुण्यकर्म लिहून ठेवा, कारण पुढं जे केलं ते सांगताना मला याचा आधार लागणार आहे.

मिस्तरींनी बाईंना खुर्चीत बसवलं. चपला काढल्या, भिंतीवरचं पेडल दाबायला लावलं. घोट्यानं दाबा म्हणाले तर रेघ माझ्याही खाली गेली. (माझं नाव तळातून वर सरकलं, पण त्याचा आनंद करायची ती वेळ नव्हती.) मग त्यांनी पेडल उपटलं, तेच वरून लोंबतं बसवलं, भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकासारखं, आणि म्हणाले, "आता पाय उचलू नगा. मांडीनं नुसता म्होरं ढकला." बाईंनी ढकलला. रेघ पोस्टमनच्या बरोबरीला आली!

बाई रेघेकडे बघत राहिल्या. मिस्तरी पायाकडे.

"जोर हाय," ते म्हणाले. "पन हिकडून तिकडं जायाला वाट न्हाई."

अडचण अशी होती. जीपचं पेडल खालून, फळीतून वर आलेलं. त्याचा लोखंडी दांडा तिथून सरळ मागं क्लचकडे जायचा. पेडल वर टांगलं तर दांडा वळवायचा कसा? वळवलेला दांडा अडतो, घासतो, निम्मा जोर तोच खातो. मिस्तरी दोन दिवस विडी विझलेली तशीच कानात ठेवून बसून होते. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले आणि मला म्हणाले, "भाऊ, दोन सिरिंजा द्या. येक बारीक, येक जाडी. आन् वाटीभर एरंडेल."

"कुणाला देताय एरंडेल?"

"गाडीला."

मी काचेच्या सिरिंजा जिवापाड जपायचो. लढाई संपली तरी त्या मिळायच्या कुठं? पण बाई शेजारीच उभ्या, नाही म्हणता येईना. मिस्तरींनी दोन्हींत एरंडेल भरलं आणि मधे रबरी नळी जोडली. बारीक सिरिंज बाईंच्या हातात दिली, जाडी माझ्या. "बाई, तुमी दाबा. भाऊ, तुमी दट्ट्या आडवा."

बाईंनी एका अंगठ्यानं दाबलं. माझ्या हातातला जाडा दट्ट्या बाहेर यायला लागला. मी दोन्ही अंगठे लावले, दातओठ खाल्ले, तरी तो येतच राहिला. बाई लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. मिस्तरींना त्या एव्हाना आबा म्हणायला लागल्या होत्या. "आबा, हे म्हणजे मला चार पाय फुटल्यासारखं झालं!"

"हासू नगा इतक्यात," मिस्तरी म्हणाले. "तुमी किती दाबलं? दोन बोटं. त्येचा दट्ट्या किती हालला? नखाएवढा. हलकं पायजे तर लांब दाबाया लागतंय. आन् तुमचा पाय लांब जात न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "पन तेलाला वळण चालतं. वाट दिसंल तितनं जातंय. दांड्याला ते जमत न्हाई."

ब्रेक त्या गाडीत आधीपासून तेलाचाच होता, आणि उजवा पाय बाईंचा धडधाकट, त्यामुळे तिकडे हात लावायचं कारण नव्हतं. प्रश्न एकट्या क्लचचा. लिलावाच्या भंगारातून मिस्तरींनी तेलाच्या ब्रेकची तीन सिलिंडरं शोधून आणली, एक जाड, एक मध्यम, एक बारीक, आणि पेडलमागे एकेक बसवून बघितलं. जाड बसवलं तर पाय हलेना. सगळ्यात बारीक बसवलं तर पेडल लोण्यासारखं गेलं, पार फळीला टेकलं, पण क्लच सुटायच्या आतच पायाची वाट संपली आणि गिअर असा किंचाळला की शेडवरचे कावळे उडाले. मग मधलं. ते पुरतं जमत नव्हतं, चार बोटांचा फरक राहायचा. त्या चार बोटांसाठी मिस्तरी पंधरा दिवस झटले. कुठल्या खिळ्यात ढिलाई आहे, कुठली कमान पाय दाबला की नुसतीच वाकते, कुठं हालचाल वाया जाते, ते हुडकत बसले. क्लचच्या फौजी स्प्रिंगा काढून जरा नरम बसवल्या, कारण आमची गाडी काही तोफ ओढणार नव्हती. एक बोट इथून वाचवलं, अर्धं तिथून. बाई रोज दवाखाना आटोपला की शेडमध्ये जाऊन खुर्चीत बसायच्या आणि दाबून सांगायच्या. "आबा, आज शेवटी जड लागतंय." "आज सुरुवातीला दोन बोटं मोकळं जातंय, मग लागतंय." मिस्तरी म्हणायचे, "ती दोन बोटं मोकळी ऱ्हायला पायजेत. ध्यानात ठिवा. ती गेली की काय तरी बिघडलं म्हनून समजा."

मी या सगळ्यावर मनातून वैतागलेलो होतो. मावळातल्या पोटांसाठी आणलेलं एरंडेल निम्मं स्पिरिट घालून गाडीच्या नळ्यांत जात होतं. इंजिनाचं तेल का नाही चालत, असं विचारलं तर म्हणायचे, त्यानं आतलं रबर फुगतं. तेल बरोबर आहे की नाही हे ते चाखून ठरवायचे. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. मला तर बघूनच पोटात कळ यायची.

तेलाच्या साठ्यासाठी मिस्तरींनी घरची एक पितळी लोटी आणली. तिच्या बुडाला नळी डाकली, वर घट्ट झाकण केलं आणि बॉनेटखाली ती बसवली. अण्णासाहेब मधे एकदा काम बघायला आले तेव्हा म्हणाले, "अहो, ब्रेकच्या तेलाचं भांडं आहेच की. त्यातूनच ही नळी काढा, सुटसुटीत होईल."

मिस्तरींनी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "न्हाई साहेब. दोन पाय, दोन भांडी. येकाचं बिघडलं तर दुसऱ्यानं हुबं ऱ्हायला पायजे." आणि आम्हा सगळ्यांना दम दिला, "लोटीचं झाकण कुनी उगडायचं न्हाई. कुनी मंजी कुनी."

मी ते ऐकलं होतं. अगदी स्वच्छ ऐकलं होतं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. गाडी आदल्याच दिवशी तयार होऊन दवाखान्याच्या दारात आली होती. दुसऱ्या दिवशी दसरा, अण्णासाहेब येणार, खिंडीची परीक्षा. सकाळी मी कात्र्या, चिमटे, सिरिंजा मांडून पूजा केली आणि मग गाडीकडे आलो. चाकांना हळदकुंकू लावलं. बॉनेट उघडलं. समोर ती पितळी लोटी, घासून लखलखीत, थेट कलशासारखी. आता कलशात काय घालतात? मला त्या बाईंचा पाय आठवला, ती वस्ती आठवली, बाहेर गप्प बसलेल्या बाया आठवल्या. माझा ऊर भरून आला हो! झाकण उघडू नका, हे मिस्तरींनी माणसांसाठी सांगितलं असेल, देवासाठी कशाला सांगतील? मी झाकण फिरवलं, चिमूटभर हळदकुंकू आणि अक्षता आत सोडल्या, झाकण पुन्हा लावलं आणि हात जोडले.

दसऱ्याला सकाळी आम्ही निघालो. बाई चालवायला, शेजारी अण्णासाहेब, मागं मी औषधाची पेटी मांडीवर घेऊन, आणि माझ्याशेजारी मिस्तरी, पुढच्या बाकाखालून बाईंचा पाय दिसेल असे वाकून. कार्ल्यापर्यंत गाडी झकास गेली. गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. अण्णासाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. खिंडीचा चढ लागला, दगडांची, बैलगाडीच्या चाकोऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना पिकायला आलेला भात. निम्मा चढ चढलो आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. आवाज वाढत होता, गाडी पुढं जात नव्हती. मग ती थांबली. मग हळूच मागं यायला लागली.

बाईंनी उजव्या पायानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. मी उडी मारून चाकांमागे धोंडे लावले.

"झालं," अण्णासाहेब म्हणाले. "मला वाटलंच होतं. घरगुती यंत्रावर माणसांचे जीव टांगायचे नसतात. परत फिरू या."

मिस्तरी त्यांच्याकडे बघत नव्हते. "बाई, पाय काय म्हनतोय?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डोळे मिटले, पेडलवर पाय हलकेच टेकवला. "आबा, ती दोन बोटं गेलीत. टेकवल्याबरोबर लागतंय. मोकळं जातच नाही."

"मंजी म्होरं गेलेलं तेल माघारी येईना," मिस्तरी म्हणाले. "क्लच निम्मा दाबलेलाच ऱ्हातोय." आणि त्यांनी बॉनेट उघडून लोटीचं झाकण फिरवलं.

मी तिथंच उभा होतो. लोटीत तांबडालाल गाळ होता आणि त्यात माझ्या अक्षता. कुंकवाचा चिखल होऊन तो खालच्या सिलिंडरातल्या सुईएवढ्या भोकात बसला होता, तेलाच्या परतीच्या वाटेवर. मिस्तरींनी एक अक्षता बोटावर घेतली. सवयीनं जिभेजवळ नेली. मग ते खाली बघायला लागले. बाईंच्या पायांकडे, अण्णासाहेबांच्या बुटांकडे आणि माझ्या पायांकडे. माझ्या पायांवर नजर थांबली. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"काय निघालं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"कचरा," मिस्तरी म्हणाले आणि मूठ मिटली. "माजी चूक. झाकन म्या नीट लावलं न्हाई." आणि मग, जरा थांबून, "ब्रेकचं भांडं येगळं हाय, साहेब. म्हनून हितं हुबं ऱ्हाऊन बोलतुया."

अण्णासाहेबांनी खालच्या उताराकडे एकदा बघितलं आणि ते एका दगडावर जाऊन बसले. मी काही बोललो नाही. मला बोलता आलं असतं. नोकरी जाईल, बाई काय म्हणतील, या भीतीनं माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि ज्या माणसाची तीन महिन्यांची मेहनत होती तो माझ्यासाठी खोटा ठरला. हे मी आजही विसरलेलो नाही.

"भाऊ, तुमच्याकडं बारकी सुई आसंल," मिस्तरी मला म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. "आन् स्पिरिट. आन् एरंडेल." सगळं माझ्या पेटीत होतं. त्यांनी सिलिंडर उघडलं, सुईनं ते भोक मोकळं केलं, लोटी स्पिरिटनं धुतली, धोतराच्या सोग्यातून नवं तेल गाळून भरलं. मग नळीतली हवा काढायची होती. त्याला एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली स्क्रू सोडायचा, आवळायचा, पुन्हा दाबायचं. असं वीसपंचवीस वेळा.

अण्णासाहेब उठले. "मी दाबतो. बाईंना उतरू द्या."

"नगं," मिस्तरी गाडीखालून म्हणाले. "तिचं पेडल हाय. तिला दाबू द्या."

बाई दाबत राहिल्या. "दाबा. धरा. सोडा." दहाव्या वेळेपासून त्यांची मांडी लटलटायला लागली. पंधराव्या वेळेला त्यांनी ओठ दातांत धरला. "आबा, होत नाही आता," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

मिस्तरींनी तोवर त्यांना कधी 'बाई' आणि 'तुमी' सोडून हाक मारली नव्हती. गाडीखालून आवाज आला, "दाब, पोरी. वाडीत वाट बगत्यात. अजून चारच डाव."

तिनं दाबलं. चार नाही, नऊ वेळा. मी मोजत होतो.

मग त्यांनी पाय टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दोन बोटं मोकळं जातंय." गाडी धोंड्यांवरून सुटली आणि चढून गेली. पलीकडे उतरताना खाली पवनेचं खोरं दिसलं, तिकोण्याचा डोंगर दिसला, आणि पेठेच्या अलीकडे झाडाखाली पन्नाससाठ माणसं बसलेली, लेकरं पदराखाली घेतलेल्या बाया. अण्णासाहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. परत येताना ते बाईंना एवढंच म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून फेरी सुरू ठेवा. आणि गाडी विकायचं मी पुन्हा बोलणार नाही. दुसऱ्या कुणाला ती दोन बोटं कळली नसती."

दोन दिवसांनी मिस्तरी दवाखान्यात आले आणि लोटीचं झाकण काढून नवं बसवून गेले. नव्या झाकणावर त्यांनी मधोमध एक छोटी पितळी वाटी डाकली होती. बाईंनी विचारलं, "आबा, ही वाटी कशाला?"

"आसूं द्या," ते गाडीकडे बघत म्हणाले. "कुनाला काय ठिवायचं आसलं, तर वरच्या वर ठिवावं."

मी आत जाऊन बाटल्या पुसत बसलो. एकच बाटली चार वेळा पुसली.

त्या वाटीत मी दर खंडेनवमीला अक्षता ठेवल्या. तीन वर्षांनी मिस्तरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, कंबर धरली, आणि त्यांनी शेड बंद करून भावाकडे वाडीला जायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, तुम्हाला मी पोचवणार. निघायच्या दिवशी मिस्तरी दवाखान्याच्या दारात गाडीत बसले, या खेपेला पुढं, बाईंच्या शेजारी. हातात एक गाठोडं. पाय अनवाणीच. मी जवळ गेलो. ते एक सांगितल्याशिवाय हा माणूस गेला असता तर मला पुढं जगणं जड झालं असतं.

"मिस्तरी," मी म्हणालो, "त्या दसऱ्याला, लोटीत... ते मीच..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तवा तुमी येका पायावर हुबं व्हता. दुसऱ्यानं पोटरी घासत व्हता." बाईंनी चमकून माझ्याकडे बघितलं, मग मिस्तरींकडे, आणि गाडी सुरू केली.

मिस्तरींनी मोतीबिंदूचे डोळे बारीक करून खाली, माझ्या पायांकडे बघितलं. किती दिसत होतं, कोण जाणे.

"आज बरं हुबं हाईत," ते म्हणाले.

गाडी निघाली. मिस्तरी पुढच्या रस्त्याकडे बघत नव्हते, मान वाकवून बाईंच्या डाव्या पायाकडे बघत होते. वळणावर गिअर बदलला असणार, कारण गाडीचा वेग बदलला, पण आवाज आला नाही. मी दारात उभा होतो, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.